ज्याच्या गळ्यात शिट्टी

मुळशीच्या धरणापासून पार ताम्हिणीच्या घाटापर्यंत, कुणाचंही न ऐकणारा आणि तरी दिलेला हुकूम मुकाट्याने पाळणारा असा माणूस दुसरा झाला नाही, हे मी गावच्या देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. म्हणजे देवळात कुणी नसेल तेव्हा. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, आणि मी जे सांगणार आहे त्यात माझ्या त्या तोंडाचाच घोळ आहे.

त्यांना आम्ही सर म्हणायचो. पुण्यात कुठल्याशा कारखान्यात ते यंत्रांची चित्रं काढायला होते. एक दिवस नोकरी सोडली आणि आमच्या गावाच्या वरच्या माळावर पत्र्याच्या दोन शेडी, पाण्याची एक टाकी आणि एक चूल मांडून बसले. तिथे शहरातली माणसं आठ-आठ दिवस राहायला यायची. शाळांची मुलं, कॉलेजातली मुलं, पुढेपुढे हिंजवडीच्या कंपन्यांतली नोकरदार माणसं. नकाशा बघून वाट काढायची, दोरावरून कडा उतरायचा, तीन दगडांवर भात शिजवायचा, उघड्यावर झोपायचं आणि आळीपाळीने वीस माणसांना सांभाळून डोंगरावर नेऊन परत आणायचं, हे ते शिकवायचे. आमच्या गावाला आधी कळेचना, की डोंगरात राहायला शिकण्यासाठी माणसं एवढ्या लांबून का येतात. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमचा जल्म ग्येला डोंगरात, आमाला न्हाई कुनी सर्टिफिकेट दिलं." हे सरांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच एका जाड कागदावर सुबक अक्षरात सासूबाईंचं नाव घालून सर्टिफिकेट घेऊन आले. 'साठ वर्षांचा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल.' सासूबाईंनी ते देव्हाऱ्याशेजारी लावलं आणि त्यानंतर सरांबद्दल घरात वावगा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती.

मी तिथे स्वयंपाकाला होते. नऊ वर्षं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "वहिनी, आपण बसून घ्या, मी चहा करतो." मी मागे वळून पाहिलं, की कुण्या मोठ्या घरच्या बाई आल्यात का. मागे कुणी नव्हतं. सर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. सातवीतल्या पोराला "अहो, तुमची नाडी लोंबतेय," म्हणायचे. कॅम्पावरच्या मोत्या कुत्र्यालाही "अहो, सरका जरा, तुम्ही वाटेत बसलात," असंच. आणि मोत्या सरकायचा. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा मला गमतीनं विचारलं, "तुज्या सरांसारकं मी तुला अहो म्हनू का गं?" मी म्हटलं, नको, भाकरी करपंल. पण माझ्या आयुष्यात मला अहो म्हणणारा पहिला माणूस तोच, हे काही मी विसरले नाही.

सरांना गाठी मारायची खोड होती. खोड म्हणजे बोटं मोकळी राहायचीच नाहीत. टॉवेल वाळत घातला की गाठ, पिठाच्या पिशवीला गाठ, चष्म्याला दोरी आणि दोरीला गाठ, चमच्याला दोरी आणि तो चमचा गळ्यात. चहाची पुरचुंडी सुद्धा अशी बांधायचे, की मला रोज सकाळी वाटायचं आज बिनचहाचीच सकाळ जाणार. त्यांची गाठ आपोआप कधी सुटली, असं नऊ वर्षांत मी पाहिलं नाही. एकदा आमची म्हैस दावं तोडून कॅम्पावर गेली. सरांनी तिला "या, या" करून आणून आमच्या गोठ्याच्या मेढीला बांधलं आणि निघून गेले. संध्याकाळी सासूबाई तिला पाण्यावर न्यायला गेल्या. ओढून ओढून हात लाल झाले, गाठ सुटेना. मग घरचे गेले, मग दीर गेले. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आता ही म्हस हितंच म्हातारी व्हायची!" शेवटी मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी अंगठ्याने गाठीच्या पाठीला हलकेच ढकललं आणि दोर मोकळा झाला. "ओढू नका," ते म्हणाले, "ओढलं की गाठ हट्टाला पेटते. मागून जरा ढकला. ती वाटच बघत असते."

दुसरी खोड मोजण्याची. डोंगरावर माणसं न्यायची म्हणजे निघताना मोजायची, वळणावर मोजायची, पाण्याजवळ मोजायची, हे ठीक आहे. पण सरांची मान एकदा फिरायला लागली की थांबायची नाही. एस.टी.त बसले की माणसं मोजायचे. आमच्या पुतणीच्या लग्नाला आले, तर पंगत बसताना पानं मोजली आणि पंगत उठताना माणसं मोजली. दोन माणसं कमी आली. मग काय, जिलबी टाकून सर शोधायला निघाले. मांडवाच्या मागे, विहिरीवर, टेम्पोत, सगळीकडे हाका. नवरदेवाचे मामा गवताच्या गंजीआड तंबाखू मळत बसले होते, त्यांना दंडाला धरून आणलं आणि पुन्हा मोजलं. तरी एक कमीच. व्याह्यांची तोंडं उतरली. तेव्हा मी हळूच पदराआडून म्हटलं, "सर, तुमी सोताला मोजलं का?" सर थांबले, जीभ चावली, आणि बसून उरलेली जिलबी खाल्ली. हे त्यांचं नेहमीचंच होतं. नऊ वर्षांत दर वेळी एक माणूस कमी, आणि तो एक माणूस म्हणजे स्वतः सर. एवढा हुशार माणूस, पण ही चूक काही सुधारली नाही.

कचऱ्याचं तर विचारू नका. डोंगरावर लिंबाची साल पडलेली त्यांना चालायची नाही. खिशात कुणाकुणाच्या चॉकलेटचे कागद, फुटलेली बटणं, केसांच्या पिना भरून खाली आणायचे. आमच्या घरच्यांना चुना-तंबाखूची पुडी वाटेत टाकायची सवय. एका सकाळी सर दारात उभे. हातात ती रिकामी पुडी, नीट घडी घातलेली. "हे तुमचं वाटेत पडलं होतं," अगदी अदबीने म्हणाले, जसं काही पाकीटच सापडलंय. घरच्यांनी "लई उपकार झालं" म्हणून पुडी घेतली. असं पाच दिवस झालं. सहाव्या दिवशी घरच्यांनी पुडी खिशात घालून घरी आणली आणि मला म्हणाले, "तुजा सर सकाळी सकाळी दारात नको, म्हनून आणली."

आणि एवढा वाट शिकवणारा माणूस शहरात गेला की हरवायचा. एकदा हिंजवडीच्या कंपनीत शिबिराचं बोलायला बोलावलं होतं. सकाळी गेले ते उन्हं कलताना परत आले. कंपनीऐवजी नांद्याला कुणाच्या तरी गोठ्यात पोचले होते, तिथे दूध पिऊन, गायीच्या दाव्याला नवी गाठ मारून आले. मी विचारलं, "सर, नकाशा व्हता ना?" म्हणाले, "डोंगर काल होता तिथे आज असतो हो वहिनी. त्या इमारती काल नव्हत्याच."

पण सरांची खरी ओळख म्हणजे ती पिवळी शिट्टी. एका दोरीत ओवलेली. रोज सकाळी चहा झाला की सगळे गोल करून बसायचे, सर गळ्यातून शिट्टी काढायचे आणि कुणाच्या तरी गळ्यात घालायचे. तो त्या दिवसाचा नेता. कुठे जायचं, कधी थांबायचं, कुणी ओझं उचलायचं, सगळं त्याने ठरवायचं. त्याचा शब्द शेवटचा. सरांनाही तो मोडता यायचा नाही. नेत्याने काही सांगितलं की सर पाय जुळवून म्हणायचे, "हो, नेते." संध्याकाळी परत गोल करून नेत्याने आज काय चुकलं ते सांगायचं आणि शिट्टी सरांच्या हातात परत द्यायची. शिट्टी हातात परत येईपर्यंत हुकूम चालू.

लोकांनी त्यांची काय काय परीक्षा पाहिली! जांब्याला खोली करून राहणारा विदर्भाकडचा एक कंपनीतला पोरगा होता, त्याने पहिलाच हुकूम दिला, "आज सगळ्यांनी जेवणापर्यंत झोपा जी." सर "हो, नेते" म्हणाले आणि खरोखर चादर ओढून झोपले. दहाला त्या पोरालाच लाज वाटली. तो सरांच्या उशाशी बसून म्हणाला, "सर, उठा ना जी, माझ्यानं नाही होत." शाळेतल्या एका चुणचुणीत मुलीने हुकूम सोडला, "सरांनी आज कुणाला काही शिकवायचं नाही." तो दिवस सरांनी तोंडावर हात धरून काढला. कुणी गाठ चुकीची मारली की त्यांची बोटं नुसती थरथरायची. दुसरा एक नेता सगळ्यांना डोंगराच्या चुकीच्या सोंडेवरून घेऊन गेला आणि पुरी पलटण आमच्या चुलत सासऱ्यांच्या खाचरात उतरली. सासरे ओरडले, "आरं, ही काय वाट हाय का? डोळं फुटलं का तुमचं?" सरांना वाट माहीत होती, पण अवाक्षर काढलं नाही. मला नंतर म्हणाले, "त्यांना चुकायचा हक्क आहे. तो शिट्टीबरोबरच मिळतो." आणि सासऱ्यांची पायाखाली आलेली रोपं दुसऱ्या दिवशी एकवीस जणांनी वाकून परत लावून दिली.

सरांचा नियम असा, की कॅम्पावरच्या प्रत्येकाला एकदा तरी शिट्टी घालायची. गाडीवाल्याने घातली, पाण्याचे हंडे आणणाऱ्या दोघींनी घातली. मीच राहिले. दर शिबिराच्या पहिल्या सकाळी सर माझ्याकडे वळायचे, "वहिनी, आज तुम्ही?" मी चुलीकडे तोंड करून म्हणायचे, "न्हाई वो सर, भात लावलाय." नऊ वर्षं माझा भात चुलीवरच होता. चहाच्या वेळेला कसला भात, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एवढं मात्र केलं, की मला एक वही दिली. शिबिरातल्या सगळ्यांना ती मिळायची. रोज संध्याकाळी चार ओळी लिहायच्या, 'आज मी काय चुकलो.' चौथीत शाळा सुटल्यावर मी पेन्सिल धरली नव्हती. पहिल्या दिवशी लिहिलं, 'आज आमटी खारट झाली. कुणी बोललं नाही.' सरांनी खाली तांबड्या शाईने लिहिलं, 'बरोबर आहे. मीही बोललो नाही, ती माझी चूक.' तेव्हापासून मी रोज लिहीत आले. मी लिहायचं आणि खाली दोन ओळी त्यांच्यासाठी कोऱ्या सोडायच्या.

आता ते शेवटचं शिबिर. त्या थंडीत माझ्या लक्षात आलं, की सर चढणीवर सारखे बुटाची नाडी बांधायला बसतात. सगळे पुढे जायचे, सर वाटेच्या कडेला एका गुडघ्यावर टेकून नाडी बांधायचे, मग उठून यायचे. कुणाला वावगं वाटलं नाही. पण मी त्या माणसाच्या गाठी ओळखत होते. ज्याने बांधलेली म्हैस तीन माणसांना सुटली नाही, त्याच्या बुटाची नाडी दर वळणावर सुटते कशी? एकदा मी जेवणाचे डबे घेऊन मागून येत होते. पाहिलं तर नाडी बांधलेलीच होती. सर नुसते तिला धरून बसले होते, डोळे मिटून, आणि दुसरा हात छातीवर.

"सर, काय हुतंय?"

"काही नाही हो. नाडी."

त्याच आठवड्यात त्यांची लेक गाडी घेऊन आली. पुण्यात नोकरी करणारी, वडिलांसारखीच उंच. बापलेकींचं शेडीत बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग ती स्वयंपाकघरात आली, माझ्यापुढे बसली आणि माझ्या ताटातला लसूण सोलायला लागली. सोलता सोलता रडायला लागली. म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय, छातीचं ऑपरेशन आत्ता करायला हवं. चढायचं तर नावच काढायचं नाही. गेल्या वर्षी म्हणाले उन्हाळ्याचं शिबिर होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. आता म्हणतात थंडी संपू दे. उद्याची खाट मिळवलीय मी दवाखान्यात, उद्या संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचंय. येतच नाहीत. कुणाचं ऐकतच नाहीत. तुम्ही सांगून बघा ना."

"मी? माजं काय ऐकतील ते?"

"मग कुणाचं ऐकतात ते तरी सांगा."

पण कुणाचं ऐकतात, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असायला हवं होतं, पण ती कधी सकाळच्या चहाला तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. एकवीस जण गोल बसले होते, सगळे एकाच कंपनीतले. लेक गाडीत बॅगा ठेवत होती. सरांनी गळ्यातून शिट्टी काढली. शिबिराचा पहिला दिवस नव्हता, पण मी त्यांच्या समोरच जाऊन उभी राहिले, म्हणून सवयीने म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या मुलीकडे वळलेही होते.

"व्हय," मी म्हटलं. "द्या."

सरांचा हात हवेतच राहिला. मग ते असे हसले, की मला उगीचच वाटलं आपण काहीतरी चोरतोय. त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, पाय जुळवले आणि म्हणाले, "बोला, नेते. कुठे जायचं?"

आता तिथेच सांगून टाकायचं, असं मी सगळी सकाळ घोकलं होतं. पण एकवीस माणसं माझ्याकडे बघत होती. तोंडातून निघालं काय, तर "पठारावर." सगळे उठले. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. ज्या माणसाला चढायला बंदी, त्याला मीच डोंगरावर घेऊन निघाले होते.

सर शेवटी चालले होते, मी त्यांच्या पुढे. पहिल्या वळणावर ते नाडी बांधायला बसले. मी थांबले, शिट्टी तोंडाशी नेली, नुसती हवा निघाली. दुसऱ्या वळणावर, करवंदीच्या जाळीपाशी, परत नाडी. घाम कपाळावरून चष्म्यावर आला होता, आणि थंडीचे दिवस. मी म्हटलं, "सर, पाणी घ्या." म्हणाले, "हो, नेते." पाणी पिऊन उठले. तिसरं वळण यायच्या आतच बसले, आणि या वेळी हात नाडीपर्यंत पोचलाच नाही.

तेव्हा वाजवली मी शिट्टी. अशी वाजली, की पुढचे सगळे धावत खाली आले आणि पलीकडच्या माळावरची गुरं सुद्धा मान वर करून बघायला लागली.

"दोराची झोळी करा," मी म्हटलं. "काल शिकलात ती."

"पेशंट कोण?" एका मुलीने विचारलं. ती नांद्याची होती, कडा उतरताना सगळ्यांत जास्त रडलेली.

"सर."

सर हसले. "वहिनी, मी वजनाला जास्त आहे. पेशंट हलका घ्यायचा असतो."

"वहिनी न्हाई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "शिटी माज्या गळ्यात हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली, कॅम्पावर उभ्या असलेल्या लेकीच्या गाडीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "हे शिबिर झालं की जातो. तीनच दिवस राहिलेत. शब्द देतो."

"झोपा, सर. झोळीतनं खाली, गाडीत बसून पुण्याला, आन् आजच्या आज दवाखान्यात. डाक्टर सांगंल ते करायचं. ह्यो हुकूम हाय."

मला वाटलं, आता हा माणूस आपला नियम मोडणार, आणि नऊ वर्षांत जे शिकवलं ते सगळं खोटं पडणार. पण सरांनी बसल्या बसल्याच बुटाच्या टाचा एकमेकींना जुळवल्या.

"हो, नेते."

पोरांनी दोर इकडून तिकडे ओवून झोळी विणली. आमच्याकडे पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला घोंगडीच्या झोळीतून असंच पौडाला न्यायचे, म्हणून मला त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते पेशंटचं. झोळीत पडल्या पडल्या सर म्हणाले, "ही गाठ चुकली आहे." आम्ही थांबून परत मारली. दहा पावलं गेलो नाही तर, "डावीकडच्यांनो, तुम्ही खांदा पाडताय." मग, "दगडाकडे बघा, माझ्याकडे नका बघू, मी काही पळून जात नाही." पोरं हसायला लागली. हसत हसतच आम्ही तो डोंगर उतरत होतो. करवंदीच्या वळणावर सरांची मान फिरायला लागली. पडल्या पडल्या मोजत होते.

"थांबा! बावीस. एक कमी आहे."

सगळे थांबले. मागेपुढे बघायला लागले.

"सर," मी म्हटलं, "तुमी ऱ्हायलात मोजायचं."

ते आभाळाकडे बघत राहिले. त्यानंतर खाली पोचेपर्यंत त्यांनी एकाही गाठीला नाव ठेवलं नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. शिट्टीसाठी. मी शिट्टी मुठीत आवळली. म्हटलं, "दिस कुटं मावळलाय अजून?" लेकीने गाडी चालू केली. तो उघडा हात वळणापर्यंत खिडकीबाहेर होता.

ऑपरेशन चांगलं झालं. पण डोंगर कायमचा बंद झाला. शिबिरं आणखी दोन वर्षं दुसऱ्यांनी चालवली, मग माळाच्या मालकाने जागा विकली. आता तिथे भिंत आहे, भिंतीवर काचा आहेत आणि आत शनिवार-रविवारचे बंगले आहेत. सर लेकीकडे पुण्यात राहायचे. दर दोन-तीन महिन्यांनी फोन करायचे, आधी वाण्याच्या दुकानात, मग घरच्यांच्या मोबाईलवर. "नेते, शिट्टी अजून परत आलेली नाही, तेव्हा हुकूम चालू आहे. येऊ का?" मी म्हणायचे, "न्हाई. डाक्टर म्हनले का?" ते म्हणायचे, "नाही म्हणाले." मी म्हणायचे, "मग कशाला इचारता?" दोघंही हसायचो. त्या माणसाने लेकीचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, पण माझ्या नाहीला कधी उलटून बोलला नाही. मला त्याचा थोडा माजच आला होता, खोटं कशाला बोलू.

शेवटचा फोन लावणीच्या दिवसांत आला. "नेते, डोंगर नाही चढणार. गाडीतून येतो, तुमच्या पडवीत बसतो, तुमचा भात खातो आणि जातो. डॉक्टरही हो म्हणालेत." मी चिखलाच्या पायांनी बांधावर उभी होते. चार बाया माझ्यासाठी थांबल्या होत्या, आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, "या की, सर. पन लावणी आटपू द्या. मग या."

"हो, नेते," ते म्हणाले.

शेवटचं खाचर लावून झालं नव्हतं, तेव्हा लेकीचा फोन आला. झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर ती आली. एक कापडी पिशवी घेऊन आली. म्हणाली, "तुमच्याशी बोलले त्या दिवशीच भरून ठेवली होती. रोज विचारायचे, मुळशीची लावणी कधी संपते? तोंडाला गाठ मारलीय, कुणालाच सुटेना. कापावीशी वाटेना." मी पिशवी मांडीवर घेतली. ओढली नाही. अंगठ्याने गाठीच्या पाठीला हलकेच ढकललं. आत एक ताट होतं आणि दोरी बांधलेला चमचा. बाकी काही नाही.

लेकीला मी त्याच ताटात भात वाढला. शिट्टी चुलीच्या वरच्या खुंटीला आहे, धुराने तिचा पिवळेपणा गेला. मी अजून रोज संध्याकाळी चार ओळी लिहिते. लेक आली त्या दिवशीच्या पानावर लिहिलं आहे, 'मी चुकले. लावणी दोन दिवस थांबली असती. लगेच या म्हणायचं होतं.'

खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.